मंडळाला कम्युनिटी लीडर्सचा सत्कार करायचाय, निवड कशी करायची?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सिएटलच्या पूर्वेकडच्या उपनगरात एक छोटं मराठी मंडळ आहे, मे महिन्यात शेजारच्या चिनी, व्हिएतनामी आणि फिलिपिनो संस्थांबरोबर त्यांचा एक कार्यक्रम ठरतोय, आणि त्यात आशियातून इथे आलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या पाच स्थानिक माणसांचा सत्कार करायचाय. प्रत्येक संस्थेने एकेक नाव द्यायचं, पाचवं सगळ्यांनी मिळून. सेक्रेटरी ताईंचे प्रश्न तीन: निवड कशी करायची, आपलं नाव मराठी माणसाचंच हवं का, आणि शाल-श्रीफळ द्यायचं का इथल्यासारखा प्लाक (नाव कोरलेली पाटी).

मी या भानगडीत २००४ पासून आहे. आधी मंडळाचा खजिनदार, मग दोन वर्षं अध्यक्ष, आणि गेली दहा-बारा वर्षं एका सर्व-आशियाई संस्थेच्या निवड समितीवर बसतोय. शंभरेक सत्कार जवळून पाहिले असतील, त्यातले निम्मे तरी फसलेले, आणि फसलेल्यांतले काही माझ्याच हातचे. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

नावांची यादी काढायच्या आधी एक ठरवा, की कार्यक्रम शनिवारी झाला तर सोमवारी काय व्हायला हवंय. हे कुणी विचारतच नाही. सगळे विचारतात हॉल कुठला, केटरर कोण, चीफ गेस्ट मिळेल का. माझी कसोटी अगदी साधी आहे, सत्कारानंतर त्या माणसाचा फोन जास्त वाजला पाहिजे, आणि तो अडचणीत असलेल्यांनी केलेला पाहिजे नाहीतर हातभार लावायला येतो म्हणणाऱ्यांनी. नुसत्या अभिनंदनाच्या फोनने काही होत नाही.

उदाहरण देतो. आमच्याकडे एक रिटायर्ड गुजराती बेन होत्या, दर मंगळवारी लायब्ररीतल्या मागच्या टेबलावर बसायच्या आणि लोकांच्या आईवडलांचे हेल्थ इन्शुरन्सचे फॉर्म भरून द्यायच्या. मुलाने ग्रीनकार्डवर आणलेल्या आईवडलांना पहिली पाच वर्षं सहसा मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) मिळत नाही, मग राज्याच्या साइटवरून पॉलिसी घ्यावी लागते, त्यात उत्पन्नाचे रकाने भरताना भलेभले इंजिनिअर चुकतात. बेन हिंदीत, गुजरातीत आणि मोडक्या मराठीत ("बाबा, इथे सही कर ना") सगळं समजावायच्या. त्यांच्या सत्काराच्या वेळी आमच्या निवेदिकेने मानपत्र वाचायच्या आधी सरळ सांगितलं, मंगळवारी दहा ते एक, लायब्ररीचा पहिला मजला, झेरॉक्स मशीनच्या मागचं टेबल, येताना पासपोर्ट आणि मुलाचा टॅक्स रिटर्न घेऊन या. पुढच्या मंगळवारी अकरा जण रांगेत उभे होते आणि दोन मुली लॅपटॉप घेऊन मदतीला आल्या होत्या. बेन माझ्यावर चिडल्याच, "तमे लोकोए मारी चा बंद करावी दीधी" (तुम्ही लोकांनी माझा चहा बंद करून टाकलात) म्हणाल्या. याला मी यशस्वी सत्कार म्हणतो.

आता याच्या उलट. आमच्याच मंडळाने एका वर्षी "समाजसेवा पुरस्कार" अशा गृहस्थांना दिला ज्यांनी रांगोळी स्पर्धा स्पॉन्सर केली होती, धंद्याने रिअल्टर, म्हणजे घरं विकणारे एजंट. माणूस चांगला होता हो, पण स्टेजवरून समाजसेवा म्हटल्यावर मागच्या रांगेतून जे हसू आलं ते अजून कानात आहे. स्पॉन्सरला स्पॉन्सर म्हणा, बॅनरवर लोगो मोठा लावा, पहिल्या रांगेत बसवा, जेवायला आग्रह करा, पण त्या पाचांत घालू नका. एकदा घातलात की पुढच्या वर्षीपासून ते पाच नंबर विकायला काढल्यासारखे होतात आणि मग खऱ्या माणसाला बोलावलं तर तोच लाजतो.

तुम्ही सिएटलमध्ये आहात ही खरं तर सोय आहे, कारण कुणाचं नाव कशाला द्यावं याचा वस्तुपाठ तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. निवड समितीला मीटिंगच्या आधी एकदा चायनाटाउन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टमध्ये चक्कर मारायला लावा, आम्ही लावतो. जेवण होतं आणि डोकंही ठिकाणावर येतं. तिथे एक लहानसा पार्क आहे, मुलं चढून बसतात असा एक ड्रॅगन आहे त्यात. पार्कला नाव आहे डॉनी चिन यांचं. या माणसाने शाळकरी वयात, १९६८ मध्ये, त्या वस्तीसाठी स्वतःचं इमर्जन्सी सेंटर सुरू केलं, कारण अँब्युलन्स आणि पोलीस तिकडे यायला वेळ लावायचे आणि आल्यावर म्हाताऱ्या माणसांची भाषा त्यांना कळायची नाही. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं हा गडी फर्स्ट एडची बॅग घेऊन, रेडिओ कानाला लावून तिथल्या गल्ल्यांतून रात्री फिरायचा. कुठल्या खोलीत कोण आजी एकटी राहते हे त्याला पाठ. २३ जुलै २०१५ च्या पहाटे अशाच फेरीवर असताना गोळी लागून गेला. पार्कला नाव नंतर मिळालं. नाव दिलं ते चांगलंच केलं, त्या पार्कात मुलं खेळताना बघून बरं वाटतं, पण मी समितीला तिथे उभं करून एवढंच विचारतो की आपल्या वस्तीत आत्ता, या घडीला, रात्री बॅग घेऊन कोण फिरतंय? मेलेल्या म्हशीला मणभर दूध ही आपली जुनी खोड आहे आणि इथेही ती आपण कस्टममधून सोडवून आणली आहे.

गॉर्डन हिराबायाशींचं बघा. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा विद्यार्थी, १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांवर लावलेला कर्फ्यू त्याने जाणूनबुजून मोडला आणि तुरुंगात गेला. कोर्टाने ती शिक्षा पुसायला १९८७ उजाडलं. देशातला सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, मिळाला मे २०१२ मध्ये, आणि ते गेले त्याच वर्षीच्या जानेवारीत. पाच महिने. व्हाइट हाउसला उशीर होतो तर मंडळाला होणारच, म्हणून यादीत दोन नावं तोडीस तोड असतील तर मी नेहमी वयाने मोठ्या माणसाला आधी घ्या म्हणतो. तरुणाला तीन वर्षांनी देता येतं.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द मे महिन्याचंच. आशियाई वारशाचा महिना मेमध्ये ठेवला त्याच्या दोन कारणांपैकी एक म्हणजे १० मे १८६९ ला पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे पूर्ण झाली, आणि पश्चिमेकडून डोंगर फोडत आलेला बराचसा भाग हजारो चिनी मजुरांनी बांधला होता. १९६९ मध्ये युटातल्या प्रोमॉन्टरीला त्या रेल्वेची शंभरी साजरी झाली, तेव्हा अमेरिकेचे वाहतूक मंत्री व्होल्पी यांनी भाषणात अमेरिकन माणसाशिवाय हे काम कोण करू शकलं असतं अशा थाटात गौरव केला आणि चिन्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. चायनीज हिस्टॉरिकल सोसायटीचे फिलिप चॉय बोलायच्या तयारीने तिथे आले होते, त्यांची वेळ कापली गेली. ज्यांना कायद्याने नागरिकच होता येत नव्हतं त्यांच्या कामावर "अमेरिकन" म्हणून शिक्का. लेबर डिपार्टमेंटने त्या मजुरांना आपल्या हॉल ऑफ ऑनरमध्ये घेतलं ते थेट २०१४ मध्ये. तेव्हा आभार प्रदर्शन "वेळेअभावी थोडक्यात" करताना जरा जपून.

आता दुसरा प्रश्न, नाव मराठीच हवं का. माझं स्पष्ट मत: नको. म्हणजे मराठी असलं तर उत्तमच, पण अट नको. या शहरात आशियाई लोकांना जे काही मिळालंय ते एकमेकांच्या खांद्यावर उभं राहून. १९७२ मध्ये चायनाटाउनला खेटून किंगडोम स्टेडियम बांधायला घेतलं तेव्हा त्या वस्तीतली तरुण मुलं पायाभरणीच्या कार्यक्रमात जाऊन निदर्शनं करत होती, घोषणा काय तर "हॉट डॉग नको, हम बाव हवेत" (हम बाव म्हणजे वाफवलेला भरलेला पाव, सिएटलमध्ये हाच शब्द चालतो). या लढ्यातलं मोठं नाव म्हणजे बॉब सँटोस, फिलिपिनो माणूस, पण सगळ्यांचेच अंकल बॉब. स्टेडियम काही थांबलं नाही. पण त्या रेट्यातून पुढच्या दोन-चार वर्षांत तिथे दवाखाना आला, कमी भाड्याची घरं आली, म्हाताऱ्यांसाठी टेकडीच्या उतारावर डॅनी वू नावाच्या गृहस्थांच्या जागेत भाजीचे वाफे आले, आजही आज्या तिथे कोबी-कांदापात लावतात. अंकल बॉब २०१६ मध्ये गेले, आता त्यांच्या नावाने परवडणाऱ्या घरांची इमारत उभी आहे. त्या दवाखान्यात आपले लोकही जातात. मग फिलिपिनो माणसाचं नाव मराठी मंडळाने सुचवलं तर बिघडलं कुठे? एका वर्षी आम्ही एका व्हिएतनामी शाळा-कौन्सेलरचं नाव दिलं होतं, आमच्या मंडळातल्या तीन मुलांना तिने कॉलेजला लावलं होतं म्हणून, आणि तिची संस्था पुढच्या गणपतीला चाळीस माणसं घेऊन आली, मोदक संपले.

तरी घरातली माणसं शोधाच, कारण आपल्याकडे काखेत कळसा फार. नॉमिनेशनचा गूगल फॉर्म फिरवलात तर तीच सहा नावं येतील, त्यातली दोन स्वतःच भरलेली. फॉर्म असू द्या, पण खरी नावं फॉर्मवर येत नाहीत, ती विचारून काढावी लागतात. इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर विचारा की नवीन आलेला पोरगा भाड्याच्या भांडणात अडकला की तुम्ही कुणाकडे पाठवता. शाळेच्या फ्रंट ऑफिसात विचारा की आईला इंग्लिश येत नसेल तर फोन कुणाला करता. गुरुद्वाऱ्यात लंगरला जा आणि भांडी घासताना विचारा, स्टेजजवळ नाही. तीन वेगळ्या ठिकाणी एकच नाव आलं की ते लिहून घ्या.

समितीत भांडणं होणार हे धरून चाला. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल सिटी कौन्सिलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर, आणि ठराव आणला होता तेव्हाच्या कौन्सिल मेंबर क्षमा सावंत यांनी, जन्म पुण्यातला. तेव्हा देसी लोकांत दोन तट पडले, घराघरांत पडले, आणि मंडळांनी बहुतेक अळीमिळी गुपचिळी धोरण ठेवलं. माझं मत विचाराल तर १४ एप्रिलला भाड्याच्या हॉलमध्ये जयंती करणारी, नवीन आलेल्या पोरांना नोकरी-घराचं बघून देणारी मराठी मंडळीही इथेच आहेत, आणि त्यांच्यातलं कुणी आजवर तुमच्या यादीत आलं नसेल तर ते काम करत नाहीत म्हणून नव्हे, तुमच्या समितीत त्यांना ओळखणारं कुणी नाही म्हणून. समितीत दोन बाहेरचे घ्या, एक वेगळ्या भाषेचा, एक पंचविशीच्या आतला. आणि कमिटी मेंबरच्या नवऱ्याचं-बायकोचं नाव आलं की त्याने त्या दिवशी घरी बसायचं, यावर चर्चा नको.

निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाला त्या वर्षी टाळा. मंडळ टॅक्स-फ्री धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने बंदी आहे, आणि ऑक्टोबरात हार घालून माइक हातात दिला तर तो काय बोलेल यावर तुमचा ताबा नसतो. प्रेक्षकांत बसवा, नमस्कार करा.

नाव पक्कं झालं की जाहीर करायच्या आधी त्या माणसाला विचारा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आमच्याकडून झालेली चूक सांगतो, मंडळाचं नाव सांगत नाही. घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारी एक कार्यकर्ती होती. सिएटलमध्ये या कामाला जुनी परंपरा आहे बरं का, दक्षिण आशियाई बायकांनी मिळून १९९६ मध्ये "छाया" सुरू केली, ती पुढे दुसऱ्या आशियाई संस्थेबरोबर मिळून एपीआय छाया झाली. ही बाई तिथली नव्हे, वेगळ्याच ठिकाणची. ती म्हणाली येईन, पण फोटो नको, आडनाव नको. आम्ही हो म्हटलं, निवेदकाला सांगितलं, फोटोग्राफरला सांगितलं, आणि सोशल मीडिया बघणाऱ्या उत्साही पोराला सांगायचं राहून गेलं. कार्यक्रम संपायच्या आत तिचा शाल घेतानाचा फोटो, नावासकट, मागे तिच्या गाडीची नंबरप्लेट दिसेल असा पार्किंगमधला दुसरा फोटो, सगळं फेसबुकवर. वीस मिनिटांत काढला. पण त्या वीस मिनिटांत ज्याने बघू नये अशा एका नवऱ्याने तो बघितला, कारण तो आमच्याच एका मेंबरचा मित्र होता. तिला दोन महिने दुसरीकडे राहावं लागलं. मला ती एकच वाक्य म्हणाली, "तुम्ही मला विचारलं होतंत, मग ऐकलं का नाही?" तेव्हापासून आमच्याकडे एक कागद असतो, सत्कारमूर्तीच्या हाताने भरलेला: नाव कसं लिहायचं, कसं उच्चारायचं, फोटो हो का नाही, कुठल्या भाषेत बोलणार, किती वाजता जायचंय. त्याची कॉपी प्रत्येक वॉलंटिअरच्या खिशात.

उच्चाराचंही तेवढंच मनावर घ्या. व्हिएतनामी "न्गुयेन" तुमच्या निवेदकाने दहा वेळा फोनवर ऐकून म्हणून बघितलेलं असू द्या. आपल्याला कुणी "मिस्टर कुल्कार्नाय" म्हटलं की कसं होतं ते आठवा. आणि सत्कार नाचांच्या आधी, पहिल्या तासात. शेवटी ठेवलात तर लोक जेवणाच्या रांगेत आणि सत्कारमूर्ती रिकाम्या खुर्च्यांपुढे, नाहीतर नाइट ड्यूटीला निघून गेलेला.

सिटीचं प्रोक्लमेशन (शहराच्या वतीने काढलेलं गौरवाचं पत्र) मिळवायचं असेल तर महिना-दीड महिना आधी मेयरच्या ऑफिसला लिहा. बहुतेक ठिकाणी मजकूर आपणच लिहून द्यायचा असतो, "ज्याअर्थी अमुक, ज्याअर्थी तमुक" अशा चालीवर. त्यात विशेषणं घालू नका, कामं घाला. भारतीय कॉन्सुलेटला किती चकरा मारल्या, किती घरांना भाडं मिळवून दिलं. हा कागद त्या माणसाला पुढे ग्रँटच्या अर्जाला लावता येतो, तेव्हा तो भिंतीवरच्या प्लाकपेक्षा जास्त राबतो.

पैसे द्यायचे असतील तर हातात रोख देऊ नका. टॅक्सची कटकट होऊ शकते, आणि माणूस एच-४ वर (नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर) असेल, वर्क परमिट नसेल, तर "मानधन" हा शब्दसुद्धा कागदावर नको. त्याच्या कामाच्या संस्थेला देणगी द्या. तुमच्याकडे निम्मं मंडळ मायक्रोसॉफ्टमध्ये असणार, कंपनी देणगीएवढीच रक्कम स्वतःची घालते, वॉलंटिअरिंगच्या तासांचेही पैसे संस्थेला देते, फक्त पोर्टलवर जाऊन नोंद करायचा आळस सोडायला हवा. हॉलमध्ये क्यूआर कोड लावा, आभार प्रदर्शन चालू असताना लोक फोनच बघत असतात.

शाल का प्लाक? शाल. प्लाक सगळेच देतात, माझ्याकडेच नऊ आहेत, दोन दारं अडवायला वापरतो. चिनी आजोबांच्या खांद्यावर शाल घातली की ते ती घालूनच घरी जातात. पण ती का घालतो हे एका वाक्यात त्यांच्या भाषेत सांगायला कुणीतरी हवं. लोकरीची नीट शाल घ्या, चकचकीत नको. नारळ द्या हवा तर, मात्र आधी सांगून, आमच्या एका कोरियन पाहुण्याने तो तिथेच फोडायचा असतो असं समजून इकडेतिकडे बघायला सुरुवात केली होती.

आणि माणूस नाही म्हणाला तर? म्हणतात, आणि बहुधा सगळ्यात योग्य माणूसच म्हणतो. आमच्याकडे एक मराठी गृहस्थ आहेत. इथे कुणाचं निधन झालं, विशेषतः एकट्या विद्यार्थ्याचं किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडलांपैकी कुणाचं, की बॉडी भारतात पाठवायचं सगळं तेच बघतात. डेथ सर्टिफिकेट, एम्बामिंगचा दाखला, संसर्गजन्य आजार नसल्याचं पत्र, पासपोर्ट रद्द करून घेणं, कॉन्सुलेटची एनओसी, एअरलाइनच्या कार्गोवाल्यांशी बोलणं, आणि तिकडे साताऱ्याला नाहीतर गुंटूरला फोन धरून रडणाऱ्या बापाशी बोलणं. पंधरा वर्षं त्यांचं नाव कुणी सुचवलं नाही, कारण दिवाळीच्या कार्यक्रमात हे काम स्टेजवरून सांगणार कसं, अशुभ वाटतं. शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोहे खायला घातले आणि म्हणाले, "कशाचा सत्कार, कुणीतरी गेलं त्याचा? त्यापेक्षा मला दोन माणसं द्या, मी साठीला आलोय, रात्री दोनला गाडी चालवत नाही आता."

दोन माणसं दिली. एक तेलुगू मुलगा, एक आमच्याच कमिटीतली. त्यांच्याकडून सगळ्या पायऱ्या लिहून घेतल्या, दोन पानं झाली, लॅमिनेट करून मंदिराच्या ऑफिसात, गुरुद्वाऱ्यात आणि दोन फ्यूनरल होममध्ये दिली. खाली तीन फोन नंबर आहेत, नाव कुणाचंच नाही, त्यांनी ते पेनाने खोडलं.